ग्रामसभेला कोण आलं नाही? : राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र जोडीनं शिकताना

१ मेची ग्रामसभा होती. सकाळी अकराची वेळ, ग्रामपंचायतीसमोर मांडव, त्यात साठेक खुर्च्या. झेंडावंदन झालं तशी शाळेची पोरं घरी पळाली आणि मोठी माणसं पाराकडे पांगली. पावणेबाराला ग्रामसेवकांनी रजिस्टरातल्या सह्या मोजल्या. बेचाळीस भरल्या. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली.

माझ्यासोबत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी फील्ड प्रोजेक्टसाठी आले होते. मुलाचा मुख्य विषय राज्यशास्त्र, मुलीचा समाजशास्त्र. परतीच्या एस.टी.त मी दोघांच्या वह्या मागून घेतल्या. मुलानं लिहिलं होतं : ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. आज ४२. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही.

मुलीच्या वहीत कायद्याचा शब्दही नव्हता. तिनं लिहिलं होतं : ४२ पैकी बायका सात. त्यातल्या पाच अंगणवाडीच्या नाहीतर बचत गटाच्या, म्हणजे कामामुळे यावंच लागणाऱ्या. खालच्या वस्तीतला एकच माणूस, तोही खुर्ची रिकामी असताना मांडवाच्या खांबाला टेकून उभा. बाकीची वस्ती कांदा काढायला गेलेली. रोज बुडवून कोण येणार?

दोघांनीही खरं तेच टिपलं होतं. पण दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा तिसरीच गोष्ट दिसली. पुढची तहकूब सभा वीस माणसांत झाली तरी कायद्यानं चालणार. घरकुलाच्या यादीवर तिथेच चर्चा होणार आणि ज्यांना घरकुल हवंय ती वस्ती त्या दिवशीही कांद्याच्या वाफ्यातच असणार. नियम कोणीच मोडलेला नसेल. तरीही वस्तीच्या घरांचा निर्णय वस्तीविना होईल. एकट्या कायद्याच्या पुस्तकातून हे कळत नाही आणि नुसतं वस्तीत हिंडूनही कळत नाही.

राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकणं म्हणजे काय, असं मला बारावीची मुलं आणि त्यांचे पालक दर जूनमध्ये विचारतात. मी त्यांना या दोन वह्यांबद्दल सांगते.

राज्यशास्त्र सत्तेचा माग काढतं. सत्ता कोणाकडे आहे, ती कोणत्या नियमानं मिळाली, किती काळासाठी मिळाली, तिला लगाम कोण घालतं. संविधान, संसद, न्यायालय, पक्ष, निवडणुका, परराष्ट्र धोरण हे सगळं त्यात येतं. समाजशास्त्र माणसांमधल्या नात्यांचा माग काढतं. कोण कोणाच्या पंगतीला बसतं, सोयरीक कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही, कोणाचा शब्द खाली पडत नाही, कोणी बोलायला तोंड उघडलं की बाकीचे आपापसांत गप्पा सुरू करतात. कुटुंब, जात, वर्ग, धर्म, लिंगभाव, शिक्षण, स्थलांतर हे त्याचे धडे. एवढ्यावरून दोन्ही विषय वेगवेगळ्या कपाटातले वाटतील. ते एकमेकांना कुठे भिडतात हे समजायला एक शब्द पुरतो, अधिमान्यता.

मुलं या शब्दाला बिचकतात, म्हणून मी गावच्या पाटलापासून सुरुवात करते. वंशपरंपरेनं चालत आलेली मुलकी पाटीलकी महाराष्ट्रात १९६२च्या कायद्यानं रद्द झाली. पुढे १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याखाली पोलीस पाटील नेमले जाऊ लागले, म्हणजे ते पद बापाकडून मुलाकडे जाणारं उरलं नाही. राज्यशास्त्राच्या दृष्टीनं विषय संपला. पण आजही कित्येक गावांत बांधाचं भांडण आधी एका ठरावीक वाड्यावर जातं, मग तहसीलला. त्या वाड्यातल्या माणसाच्या हातात कागदावरचा कुठलाच अधिकार नाही. तरी लोक त्याचं ऐकतात, ऐकायला हवं असं त्यांना मनापासून वाटतं. हे जे ‘ऐकायला हवं’ असं वाटणं आहे, तीच अधिमान्यता.

जर्मन विचारवंत माक्स वेबर यानं तिचे तीन प्रकार मांडले. परंपरेनं आलेली, एखाद्याच्या विलक्षण व्यक्तिमत्त्वातून आलेली आणि कायद्याच्या नियमांतून आलेली. आपल्या गावात तिन्ही एका दुपारीत भेटतात. वाड्यावरच्या आबांपुढे लोक पायातलं काढून उभे राहतात. एखाद्या पुढाऱ्याच्या नुसत्या हाकेवर टेम्पो भरभरून माणसं सभेला जातात. आणि काल रुजू झालेल्या पंचवीस वर्षांच्या तलाठीताईंच्या सहीशिवाय फेरफार होत नाही, मग समोर आबा असोत की पुढारी. वेबरला राज्यशास्त्रवाले आपला म्हणतात, समाजशास्त्रवालेही आपला म्हणतात. त्याचं नाव दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमात असतं आणि जोडीनं शिकणाऱ्या मुलाला ते दुसऱ्यांदा भेटलं की पहिल्यांदा न कळलेलं कळतं.

हे दोन विषय एकत्र आणणं ही बाहेरून आलेली नवी टूम आहे असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. महाराष्ट्रानं तर या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात घरंच्या घरं फुटताना पाहिली आहेत. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला तो याच जाणिवेतून, की इंग्रजांच्या जागी कोण बसणार एवढाच प्रश्न नाही, बसणारा शूद्रातिशूद्रांशी कसा वागणार हा आहे. पुढे टिळक आणि आगरकर, एका शाळेत आणि एका वृत्तपत्रात खांद्याला खांदा लावून काम केलेले मित्र, याच वादात दुरावले. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला.

वाद किती खोल गेला होता याची एक खूण पाहा. १८८७पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून, त्याच मंडपात, न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरायची. १८९५ साली अधिवेशन पुण्याला आलं तेव्हा परिषदेला काँग्रेसचा मंडप द्यायला कडवा विरोध झाला आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. राजकारण एका मांडवात, समाज दुसऱ्या मांडवात. आपल्या विद्यापीठांमधले दोन वेगळे विभाग पाहिले की मला त्या दोन मांडवांची आठवण होते.

बाबासाहेबांनी ते पुन्हा एका जागी आणले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र असला तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही ते शिकत होते आणि जातिव्यवस्थेच्या उगमावरचा आपला निबंध त्यांनी तिथेच ९ मे १९१६ रोजी वाचला. संविधानाचा मसुदा करणारा माणूस आधी जातीचा अभ्यासक होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं की २६ जानेवारी १९५०ला आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल ठेवणार आहोत : राजकारणात समता असेल, प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मोल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. मी वर्गात हे भाषण पहिल्या आठवड्यात वाचायला देते. त्यातली एक बाजू राज्यशास्त्राची, दुसरी समाजशास्त्राची, आणि ‘विसंगती’ हा शब्द या जोडपदवीचा खरा विषय.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. १९२४ साली त्याची सूत्रं मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे, अ. र. देसाई, म्है. ना. श्रीनिवास हे तिघेही त्यांचे विद्यार्थी. श्रीनिवासांची गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण मुलांना ती फार आवडते. १९४८ साली ते म्हैसूर संस्थानातल्या एका खेड्यात जाऊन राहिले. लेखनात त्यांनी त्या गावाला रामपुरा हे नाव दिलं. त्यांना जात आणि शेती अभ्यासायची होती. पण राहता राहता त्यांना दिसलं की गावातल्या मोठ्या आसामीच्या पाठीमागे त्याची कुळं, सालदार, ऋणको यांची एक गठ्ठा माणसं आहेत आणि मतदान आलं की तो गठ्ठा तो सांगेल तिकडे वळतो. त्यांनी त्याला इंग्रजीत जो शब्द वापरला तो आज आपल्याकडे ‘मतपेढी’ म्हणून वर्तमानपत्रात रोज छापून येतो. निवडणुकीतला इतका नेहमीचा शब्द निवडणुकीच्या तज्ज्ञाकडून आलेला नाही, खेड्यात बाजेवर बसून माणसं न्याहाळणाऱ्या समाजशास्त्रज्ञाकडून आलेला आहे. ‘प्रबळ जात’ ही कल्पनाही त्यांचीच : जी जात संख्येनं मोठी, जिच्याकडे जमीन, आणि जी कर्मकांडाच्या उतरंडीत फार खाली नाही, ती गावावर वजन राखते. उतरंडीत सगळ्यांत वरची असण्याची गरज नाही. महाराष्ट्रातलं सहकाराचं, साखर कारखान्यांचं आणि जिल्हा परिषदांचं राजकारण समजून घ्यायला ही कल्पना हाताशी असली की निम्मं काम होतं.

राजकीय बाजूनं याच ठिकाणी राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी पोचले. जातीनं राजकारण नासवलं, असं आपण सहज म्हणून जातो. १९७० साली त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. राजकारणाला माणसं जमवायला तयार जाळी लागतात, जात हे तसं जाळं आहे, आणि राजकारण तिच्यात शिरलं की जातही बदलते. वेगवेगळ्या पोटजाती एकत्र येऊन मोठं नाव घेतात, मेळावे होतात, संघटना होतात. मला हे म्हणणं अजूनही पूर्ण पटतं असं नाही, कारण त्या मेळाव्यांच्या मंचावर बायका कुठे असतात हे त्यात फारसं येत नाही. पण विचार करायला लावणारी मांडणी कशी असते ते मुलांनी यातून शिकावं.

आता वाचनापेक्षा महत्त्वाचं, म्हणजे माणसांकडून माहिती कशी मिळवायची. दोन्ही विषयांत संशोधन पद्धतीचा पेपर असतो आणि बहुतेक मुलं तो गाईडमधून पाठ करतात. फार वाईट वाटतं, कारण खरी गंमत तिथेच आहे.

नमुना निवड घ्या. लाखो मतदारांचा कौल काही हजारांना विचारून कसा कळतो? आपल्याकडे म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. पण ही परीक्षा कधी फसते हे घरी रांधणारी कुणीही सांगेल. भात ढवळलेला नसला, तळाशी करपलेला आणि वर कच्चा राहिलेला असला, तर वरचं शीत खोटं बोलतं. समाज हा न ढवळलेला भात आहे. एका आळीत एक जात, दुसरीत दुसरी. चौकातल्या टपरीवर पन्नास जणांना विचारून आलात तर ती पन्नास वरची शितं झाली, आणि टपरीवर तर बायका बसतच नाहीत. म्हणून मतदार यादी घ्यायची आणि तिच्यातून ठरावीक अंतरानं नावं काढायची, विसावं, चाळिसावं, साठावं. नाव निघालं की त्याच माणसाकडे जायचं, मग ते घर ओढ्यापलीकडे का असेना. तो घरी नसेल तर पुन्हा जायचं. शेजारी बसलेल्या बोलक्या काकांना विचारून फॉर्म भरायचा नाही.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली, तिनं पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रानं २०११मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. राज्यशास्त्राचा विद्यार्थी हे दोन ओळींत लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. मग सरपंचताईंच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसणारे त्यांचे यजमान, ज्यांना गाव ‘सरपंचपती’ म्हणतं, ते कुठल्या कलमाखाली येतात? हे तपासायला आम्ही एकदा प्रश्नावली केली. पहिला प्रश्न होता, “घरातले निर्णय कोण घेतं?” बहुतेक जणींचं उत्तर एकच, “सगळे मिळून.” कागद भरला, हाती काहीच लागलं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही प्रश्न बदलला : “मागं म्हैस विकली तेव्हा गिऱ्हाइकाशी कोण बोललं? पैसे कुणाच्या हातात आले? तुम्हाला कधी कळलं?” एक मावशी भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, “दावं रिकामं दिसलं तवा कळलं.” त्या एका वाक्यापुढे आमची आधीची सगळी प्रश्नावली फोल होती. त्याच गावातल्या दुसऱ्या एका ताई बचत गटाच्या अध्यक्ष झाल्यापासून बँकेत एकट्या जातात आणि ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवायला लावतात, हेही आम्हाला असंच नेमकं विचारल्यावर कळलं. आरक्षणानं काही होत नाही म्हणणाऱ्यांना आणि आरक्षणानं सगळं झालं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ती मावशी आणि ती ताई एकत्र भेटायला हव्यात.

आता प्रवेशाचं. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झालं, स्वायत्त महाविद्यालयांत त्याच्या आदल्या वर्षी. पूर्वी तिसऱ्या वर्षाला ‘स्पेशल’ विषय असायचा, आता मेजर म्हणजे मुख्य आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय असतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) आहे. त्यात मेजरचे किमान ६० आणि मायनरचे २४. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, एकूण १६०. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हे आकडे थोडे वरखाली होतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास वर्गात. म्हणजे एक विषय मेजर आणि दुसरा मायनर घेतला तर दुसऱ्या विषयालाही साडेतीनशेच्या आसपास तास मिळतात, हे काही कमी नाही. दुहेरी मेजर हवा असेल तर दुसऱ्या विषयात ४० टक्के श्रेयांक लागतात, म्हणजे १२० पैकी ४८, पण तुमच्या महाविद्यालयात ती सोय आहे का हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी वेळापत्रक जुळत नाही म्हणून मायनर कोणता घ्यायचा ते महाविद्यालयच ठरवून टाकतं. फॉर्म भरायच्या आधी हा एक प्रश्न आणि फील्ड प्रोजेक्टला खरंच बाहेर नेतात का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात विचारू नका, मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा.

नुकसान नाही का? आहे. तीन वर्षांत दोन विषय म्हणजे काहीतरी सुटतंच. राज्यशास्त्राकडून बहुधा आंतरराष्ट्रीय संबंध अर्धवट राहतात, समाजशास्त्राकडून नातेसंबंध आणि आदिवासी समाजाचे पेपर. धड ना हे, धड ना ते, अशी अवस्था होऊ शकते आणि ती मी पाहिली आहे. त्यावर माझा उपाय असा की एक प्रश्न धरावा, मग तो पाण्याचा असेल, ऊसतोडीचा असेल, शाळागळतीचा असेल, आणि तीन वर्षं दोन्ही विषयांचे निबंध, प्रोजेक्ट, सेमिनार त्याच एका प्रश्नाभोवती फिरवावेत. ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपल्या विषयाबाहेरच्या ऐच्छिक पेपरात, संख्याशास्त्राची तोंडओळख मिळाली तर सोडू नये.

नोकरीबद्दल पालक विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. नुसत्या पदवीवर नोकरी चालून येत नाही, हे मी प्रवेशाच्या दिवशीच सांगते. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला एक विषय निवडावा लागतो आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा त्याच विषयात द्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच असतो, त्यामुळे दोन्ही घेता येत नाहीत. पण राज्यशास्त्र वैकल्पिक घेणाऱ्याला भारतीय समाजावरच्या सामान्य अध्ययनाच्या प्रश्नांत समाजशास्त्र कामी येतं, आणि उलटही. एमपीएससीनं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केल्यापासून तिथेही हाच विचार करावा लागतो. पत्रकारिता, सर्वेक्षण संस्था, ग्रामविकासातल्या संस्था, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी या वाटा आहेत. तिथे मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ‘तू स्वतः काय शोधलंस?’ हे जास्त विचारलं जातं, असं माझे जुने विद्यार्थी सांगतात.

त्या १ मेच्या सभेचं राहिलं. दोघांनी दोन वेगळे अहवाल देण्याऐवजी एकच करायचं ठरवलं. मतदार यादी घेऊन वस्तीत पंधरा घरं फिरले, सलग चार संध्याकाळी, कारण दिवसा कोणी सापडत नव्हतं. बहुतेक घरांत सभेची दवंडी ऐकूच गेली नव्हती. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि वस्तीतली माणसं त्या रस्त्यानं जात नाहीत. ज्यांना माहीत होतं त्यांनी रोजाचं कारण सांगितलं. खांबाला टेकून उभे असलेले गृहस्थही भेटले. खुर्चीवर का बसला नाहीत, असं मुलीनं विचारलं. ते म्हणाले, “बस म्हटलं न्हाई कुणी.”

अहवालात मुलानं ग्रामसभेच्या नोटिशीची तरतूद लिहिली, मुलीनं वस्तीतून ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या पायवाटेचा नकाशा काढला. त्या गृहस्थांचं वाक्य कोणत्या प्रकरणात घालायचं यावर दोघांचं बराच वेळ भांडण झालं. शेवटी ते त्यांनी मुखपृष्ठावर घातलं.